विषाणूचं हेलिकेज डीएनए उघडतं म्हणजे नेमकं काय करतं? (सुतळी-बांगडीसह)

तापीकाठ | शनिवार, रात्री ८.१०

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या एम.एस्सी. मायक्रो-बायोटेकच्या मंडळींसाठी हा धागा काढतोय. पुस्तकात एकच ओळ असते: "हेलिकेज हे विकर चेन उघडल्याप्रमाणे डीएनएचे दोन पदर वेगळे करते." तोंडी परीक्षेत परीक्षकाने त्यापुढचा प्रश्न विचारला की गाडी तिथेच बंद पडते.

तर प्रश्न असे. चेनचं हँडल दोन्ही बाजूंना धरून असतं, हेलिकेजही दोन्ही पदर धरतं का? टी७ फाजचं (जिवाणूवर वाढणाऱ्या विषाणूचं) हेलिकेज ५'→३' जातं आणि पॅपिलोमा विषाणूचं ३'→५' (५' आणि ३' ही पदराच्या दोन टोकांची नावं), मग दोघंही फोर्कच्या, म्हणजे पदर उघडतात त्या बेचक्याच्या, पुढेच कशी सरकतात, एखादं उलटं का जात नाही? आणि कॉलेजच्या लॅबमध्ये जेलवर हे दाखवायचं झालं तर सबस्ट्रेट, म्हणजे हेलिकेजने उघडायचा डीएनए, कसा बांधायचा, आणि काय काय बिघडतं?

विषाणूंपुरतंच ठेवू. ई. कोलायचं डीएनए-बी आणि आपल्या पेशीतलं एमसीएम ही हेलिकेजं लागतील तेवढीच घ्या.


हेक्सामर | ८.४२

चेनची उपमा आधी काढून टाका, तिच्यामुळेच पुढचं सगळं अडतं. हेलिकेज दोन पदर दोन हातांनी धरून फाडत नाही. ते एकाच पदरावर चढतं. दुसरा पदर त्याच्या भोकात मावत नाही, म्हणून तो बाहेर राहतो. दोन पदर वेगळे होणं हा त्या चढण्याचा परिणाम. एवढं डोक्यात बसलं की दिशा, शेपट्यांची लांबी, कुठला पदर लेबल करायचा, सगळी उत्तरं त्यातूनच निघतात.

टी७ चं उदाहरण घेऊ. या फाजच्या जीन ४ चं प्रथिन, जीपी४, ५६६ अमिनो आम्लांचं, साधारण ६३ किलोडाल्टनचं. त्याच्या पुढच्या अर्ध्यात प्रायमेज (नव्या पदराची सुरुवात करून देणारा छोटा आरएनए, म्हणजे प्रायमर, बनवणारं विकर) आणि मागच्या अर्ध्यात हेलिकेज, म्हणजे एकाच प्रथिनात दोन यंत्रं. अशा सहा प्रती एकत्र येऊन कडं (हेक्सामर) तयार होतं आणि कड्याच्या मधल्या भोकातून एकेरी डीएनए जातो. इंधन म्हणून टी७ ला एटीपीपेक्षा डीटीटीपी (डीएनएतल्या टी चा ट्रायफॉस्फेट) जास्त मानवतं. हे लक्षात ठेवा, प्रयोगात लागेल.

भोकात सहा प्रथिनांचे सहा लूप आत आलेले असतात. ते एका पातळीत नसतात, जिन्याच्या पायऱ्यांसारखे वरखाली असतात. बोव्हाइन पॅपिलोमाच्या ई१ ची डीएनएसकट स्फटिकरचना २००६ साली आली, तिच्यात हे पहिल्यांदा स्वच्छ दिसलं: सहा हेअरपिन, प्रत्येकाने लगतच्या एकेका न्यूक्लिओटाइडचा फॉस्फेट धरलेला. वरच्या पायरीवरच्या उपएककात एटीपी, मधल्यांत एडीपी, तळाशी रिकामं. एटीपी फुटत जातो तसा प्रत्येक हेअरपिन आपला न्यूक्लिओटाइड धरूनच खाली उतरतो, तळाला सोडतो, आणि नवा एटीपी घेऊन पुन्हा वर जाऊन पुढचा पकडतो. जुन्या विहिरीवरचा रहाट आठवा. गाडगी आळीपाळीने वर येतात, पाण्याची धार मात्र तुटत नाही. ई१ मध्ये हिशेब एका एटीपीला एक न्यूक्लिओटाइड. टी७ च्या जीपी४ मध्ये एका पावलाला दोन, हे २०१९ च्या क्रायो-ईएम रचनांत दिसलं.

ताकदीचा प्रश्न नसतो. एक बेसजोडी सोडवायला साधारण एक ते सव्वादोन किलोकॅलरी प्रति मोल लागतात, एटीपी प्रमाण स्थितीतही सातच्या वर देतो. उरलेली ऊर्जा जाते ती मागे न घसरण्यात.


निंबोळी | ९.०५

आणि त्या सहांपैकी एकाचं बिघडलं तर?

जीपी४ मध्ये वॉकर ए पट्ट्यातलं (इंधनाचे फॉस्फेट धरणाऱ्या भागातलं) लायसीन ३१८ बदललं की डीटीटीपी फुटत नाही. ग्लुटामेट ३४३ पाण्याचा रेणू सज्ज करतं. आर्जिनिन ५२२ हे तर शेजारच्या उपएककाच्या खिशात बोट घालून बसलेलं असतं, म्हणजे इंधन माझ्या खिशात आणि काडी शेजाऱ्याच्या हातात. त्यामुळे एकटा मोनोमर फारसं काही करत नाही, कडं व्हावंच लागतं. चांगल्या प्रथिनात मेलेलं प्रथिन थोडं मिसळलं तरी कामगिरी हिशेबापेक्षा जास्त पडते, कारण सहांच्या साखळीत एकच मुकं असलं तरी पाळी तिथे अडते. व्हायव्हात हा प्रश्न येतोच.


अहिराणी_गडी | ९.११

भो, हाई समदं ठीक शे, पन दिशानं काय? ५'→३' नी ३'→५' मा मना डोकाना भुगा व्हई जास.


सुईदोरा | ९.३८

भाऊ, दिशा म्हणजे हेलिकेज ज्या पदरावर बसलंय त्या पदराच्या हिशेबाने दिशा. फोर्कच्या हिशेबाने नव्हे. सगळा गोंधळ इथेच होतो.

फोर्क म्हणजे आपलं बेचकं. दांडा अजून न उघडलेला डीएनए, दोन फांद्या उघडलेले पदर. पदर एकमेकांच्या उलट दिशेने असतात, म्हणून दांड्याकडे तोंड करून उभं राहिलं तर एका फांदीवर ५' मागे आणि ३' पुढे, दुसरीवर ३' मागे आणि ५' पुढे. टी७ चं जीपी४ पहिल्या फांदीवर बसतं आणि ५'→३' चालत दांड्याकडे जातं. ही लॅगिंग (तुकड्या-तुकड्यांनी बनणाऱ्या) पदराची साचा-फांदी. पॅपिलोमाचं ई१ आणि एसव्ही४० (माकडांतला विषाणू) चं हेलिकेज, लार्ज टी अँटिजेन, दुसऱ्या फांदीवर बसतात आणि ३'→५' चालत त्याच दांड्याकडे जातात. ही लीडिंगची (सलग बनणाऱ्या पदराची) साचा-फांदी. दोन वेगळ्या फांद्या, दोन उलट दिशा, मुक्काम एकच.

याला जोडून: जीपी४ लॅगिंग फांदीवर असल्यामुळेच त्याला चिकटलेला प्रायमेज सोयीच्या जागी पडतो. पदर भोकातून बाहेर येतो तो थेट प्रायमेजपुढून जातो आणि ३'-सीटीजी-५' अशी खूण दिसली की चार न्यूक्लिओटाइडचा आरएनए प्रायमर बनतो.

आता सुतळी. वर्गात पाच मिनिटांत होतं.

दोन पदरी सुतळी घ्या, तीन पदरी चालत नाही. हातभर लांब, पीळ घट्ट हवा. एक टोक खिडकीच्या गजाला गाठ मारून बांधा. मोकळ्या टोकाकडून वीतभर पीळ उलगडून दोन पदर वेगळे करा, एकाला शाई लावा. शाईचा पदर बारीक बांगडीतून, त्याहून बरं म्हणजे मोठ्या मण्यातून ओवा, दुसरा बाहेर ठेवा. आता मणी शाईच्या पदरावरून गजाकडे सरकवा. बेचकं पुढे सरकतं आणि बाहेरचा पदर आपोआप सुटत जातो, त्याला कोणी हात लावलेला नसतो. दहा-बारा बोटं सरकवल्यावर मणी जड जातो. गजाकडच्या बाजूला बघा, सुतळीला जादा पीळ चढून वेटोळी पडलेली असतात. तोच सुपरकॉइल. गाठ सोडून ते टोक चिमटीत सैल धरलं की सुतळी गरगर फिरून मोकळी होते आणि मणी पुन्हा पळतो. ते सैल धरणारं बोट म्हणजे टोपोआयसोमरेज.

आकड्यात: डीएनएचा एक वेढा साधारण १०.५ बेसजोड्यांचा. एसव्ही४० चा गोल जीनोम ५,२४३ बेसजोड्यांचा. म्हणजे एका प्रतीमागे सुमारे ५०० वेढे उलगडावे लागतात, आणि गोल असल्यामुळे फिरायला मोकळं टोक नाही. ते काम यजमान पेशीची टोपोआयसोमरेजं करतात, विषाणू ती बरोबर आणत नाही.


निंबोळी | १०.०२

सुतळीचा प्रयोग छान, एक भर घाला. मणी दोन्ही पदरांवरून ओवून बघा, म्हणजे न उलगडलेल्या सुतळीवर. तो सुळकन पुढे जातो आणि काहीच उघडत नाही. ही निव्वळ गंमत नव्हे, जीपी४ आणि डीएनए-बी खरंच असं करतात. बाहेर राहणाऱ्या पदराला शेपटी नसेल तर कडं दोन्ही पदर पोटात घेऊन दुहेरी डीएनएवरून घसरत जातं. एटीपी-डीटीटीपी जळतं, उलगडणं शून्य. म्हणून प्रयोगाच्या सबस्ट्रेटला दोन शेपट्या लागतात. एक चढायला, दुसरी अडायला.


तापीकाठ | १०.१५

हा "अडायला" शब्द उत्तरपत्रिकेत लिहिण्यासारखा आहे. मग सबस्ट्रेट आणि बाकीची कृती कोणी लिहितं का? आकड्यांसकट.


हेक्सामर | रविवार, सकाळी ७.३०

जीपी४ साठी लिहितो.

आधी प्रथिन. टी७ च्या जीन ४ मधून मुळात दोन प्रथिनं बनतात, ६३ आणि ५६ किलोडाल्टनची, कारण आत दुसरी सुरुवात आहे. लहान प्रथिनाला पहिली ६३ अमिनो आम्लं, म्हणजे जस्त धरणारा भाग, नसतो, त्यामुळे ते प्रायमर बनवू शकत नाही. हेलिकेज दोन्हींत असतं. फक्त मोठं हवं असेल तर मेथिओनिन ६४ चं ल्युसीन केलेला क्लोन वापरतात, मग दुसरी सुरुवात बंद. पेट व्हेक्टर, ई. कोलायच्या बीएल२१(डीई३) पेशी, ओडी (गढूळपणा) ०.६ ते ०.८ ला आयपीटीजी (प्रथिन बनणं सुरू करणारं रसायन). (गंमत बघा, डीई३ मधला आरएनए पॉलिमरेज हाही टी७ चाच. फाजचं प्रथिन फाजच्याच यंत्राने काढायचं.)

ऑलिगो (मागवलेले छोटे एकेरी डीएनए) दोन.
अ: ५' टोकाला ३५ टी, पुढे ३० बेसचा मिश्र क्रम. एकूण ६५.
ब: त्या ३० चा पूरक क्रम, पुढे ३' टोकाला १५ टी. एकूण ४५.
जोडल्यावर अ ची ५' शेपटी आणि ब ची ३' शेपटी एकाच बाजूला येतात, दुसरी बाजू बोथट. कडं अ वर चढतं, ब बाहेर राहतो. ३० च्या भागात जी-सी निम्म्याच्या आसपास ठेवा. सगळं ए-टी ठेवलं तर ते हेलिकेजशिवायच सुटतं, सगळं जी-सी ठेवलं तर एकटं जीपी४ रखडतं.

लेबल ब च्या ५' टोकाला, म्हणजे बोथट बाजूला. फ्लुओरेसिन चालतं. अ च्या ३' टोकाला क्वेंचर (चमक दाबणारा रेणू) मागवला तर जेलची गरजच नाही, पदर सुटले की चमक वाढते आणि फ्लुओरिमीटरवर थेट दिसतं.

जोडणी: ट्रिस १० मिलिमोलर, सोडियम क्लोराइड ५० मिलिमोलर, अ आणि ब १.१ ला १. ९५ अंशावर ५ मिनिटं, मग हीट ब्लॉक बंद करून त्यातच तास-दीड तास थंड होऊ द्या. अ जास्त घ्यायचं कारण लेबल लागलेला ब एकटा उरू नये. पण दुप्पट-तिप्पट घेऊ नका. उरलेला मोकळा अ त्याच्या ३५ टी सकट हेलिकेज गिळून बसतो आणि खरा फोर्क उपाशी.

अभिक्रिया: ट्रिस ५० मिलिमोलर पीएच ७.६, सोडियम क्लोराइड ४०, डीटीटी ५, बीएसए दर मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅम, ग्लिसरॉल १० टक्के. फोर्क ५ नॅनोमोलर. जीपी४ हेक्सामरच्या हिशेबाने २५ ते ५० नॅनोमोलर, म्हणजे मोनोमर १५० ते ३००. हा सहाचा गुणाकार विसरू नका, कागदावर "५० नॅनोमोलर" लिहिलेलं मोनोमर समजून घातलं तर कडी पुरेशी होतच नाहीत. डीटीटीपी २ मिलिमोलर, ईडीटीए (मॅग्नेशियम धरून ठेवणारं) १ मिलिमोलर. मॅग्नेशियमशिवाय आधी सगळं १० ते १५ मिनिटं बसू द्या. डीटीटीपीमुळे कडं डीएनएवर चढून बसतं, पण मॅग्नेशियम नसल्याने निघत नाही. मग मॅग्नेशियम क्लोराइड ४ मिलिमोलर आणि सापळा एकत्र घालून सुरुवात.

सापळे दोन प्रकारचे असतात आणि लोक ते एकमेकांत मिसळतात. एक हेलिकेजसाठी: लांब, लेबल नसलेला टी-टी-टी असा एकेरी डीएनए, म्हणजे सुटलेलं कडं पुन्हा फोर्कवर चढू नये. दुसरा पदरांसाठी: सुटलेला ब पुन्हा अ ला चिकटू नये म्हणून. हा दुसरा सापळा लेबल नसलेला ब च असला पाहिजे, दहापट तरी. तो अ ला पकडून ठेवतो. चुकून अ चा क्रम सापळा म्हणून घातला तर तो लेबलवाल्या ब लाच जोडून घेईल आणि जेलवर काही उघडलंच नाही असं दिसेल.

थांबवायला ईडीटीए अभिक्रियेत १०० मिलिमोलर होईल इतका आणि एसडीएस ०.५ टक्के. १२ टक्के नॉन-डिनेचरिंग (पदर आपणहून न सोडवणारं) पॉलिअॅक्रिलामाइड जेल, टीबीई बफर, थंडीत. दुहेरी वर, एकेरी खाली.

कंट्रोल चार हवेतच: बिनप्रथिनाचा, बिनडीटीटीपीचा, शून्य सेकंदाचा (आधी थांबवण्याचं द्रावण, मग मॅग्नेशियम), आणि ९५ अंशावर ५ मिनिटं उकळून थेट बर्फात ठेवलेला.


शेवभाजी | ९.२०

वेळेबद्दल लिहायचं राहिलं. एकटं जीपी४ १८ अंशाला सेकंदाला साधारण १५ बेसजोड्या उघडतं. तुमचा ३० चा तुकडा दोन सेकंदात संपला. पिपेट हातात घेऊन ०, १५, ३०, ६० सेकंद असे नमुने काढले तर पहिल्याच नमुन्यात सगळं झालेलं असतं आणि पुढचे बँड एकसारखे. याचा अर्थ प्रयोग फसला असा नाही. हाताने किती उघडलं ते कळतं, किती वेगाने ते कळत नाही. वेग हवा तर सेकंदाच्या अंशात मिसळून मोजणारं यंत्र, रॅपिड-क्वेंच किंवा स्टॉप्ड-फ्लो, लागतं. ते नसेल तर अहवालात "वेग" हा शब्द लिहू नका, परीक्षक तिथेच धरतो.

आणि हा १५ चा आकडा एकट्याचा. जोडीला टी७ चा पॉलिमरेज, म्हणजे जीपी५, आला की दोघं मिळून सेकंदाला शंभरावर जातात. कारण सरळ आहे. एकटं हेलिकेज पुढची जोडी उघडतं, पण पाऊल टाकायच्या आत ती पुन्हा मिटू शकते. पॉलिमरेज मागोमाग येऊन उघडलेल्या बेससमोर नवा न्यूक्लिओटाइड बसवतो, मिटायला वावच राहत नाही. टी७ चा जीनोम ३९,९३७ बेसजोड्यांचा, सुरुवात डाव्या टोकापासून साधारण १५ टक्क्यांवर. उजवीकडचे सुमारे ३४,००० सेकंदाला १०० ने काढले तर साडेपाच-पावणेसहा मिनिटं. १५ ने काढले तर ३८ मिनिटं, तोवर पेशी फुटून जाते.

जीपी५ ला घट्ट धरून ठेवायला फाज स्वतःचं काही आणत नाही, ई. कोलायचं थायोरेडॉक्सिन उचलतो. विरजण शेजारच्या घरून.


निंबोळी | ११.४५

बिघाडांची यादी, आपल्या भागाच्या हिशेबाने.

"रूम टेंपरेचर" म्हणजे छापील कागदात २५ अंश असतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला दुपारी लॅबचं तापमान किती असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. १६-१८ बेसचा, ए-टी जास्त असलेला तुकडा कमी मिठात ४० अंशाला बऱ्यापैकी आपोआप सुटतो, आणि बिनप्रथिनाच्या रकान्यातही खालचा बँड दिसतो. मग पोरं म्हणतात हेलिकेज फार जोरदार आहे. तुकडा ३० चा ठेवा, वॉटर बाथ नव्हे तर थंडही करणारा बाथ वापरा, जेल १५० व्होल्टवर पळवू नका. ८०-१०० वर, टाकी बर्फात. जेल गरम झालं तर जेलमध्येच पदर सुटतात, आणि मग दोन बँडच्या मध्ये धुरकट पट्टा दिसतो. तो धुरकट पट्टा ही जेल तापल्याची खूण समजा, हेलिकेजला दोष देऊ नका.

जेलच्या विहिरीतच (नमुना घालायच्या खाचेतच) अडकलेली चमक दिसली तर प्रथिन डीएनएवरून उतरलेलं नाही. एसडीएस कमी पडलं. आणि एसडीएस घालताच नळीत पांढरं दह्यासारखं झालं तर बफरमध्ये पोटॅशियम आहे. पोटॅशियम आणि डोडेसिल सल्फेट मिळून साका बसतो. सोडियम क्लोराइड वापरा, पोटॅशियम नको.

खालच्या एकेरी बँडच्याही खाली बारीक बारीक बँड येत असतील तर ते हेलिकेजचं काम नव्हे, प्रथिनाबरोबर न्यूक्लिएज आलंय. लेबलवाला एकेरी ब, मॅग्नेशियम आणि प्रथिन, डीटीटीपी नाही, अर्धा तास ठेवून डिनेचरिंग जेलवर बघा. तुकडे झाले तर प्रथिन पुन्हा शुद्ध करा, पुढे जाऊ नका.

एटीपी किंवा डीटीटीपीची भुकटी पाण्यात विरघळवून पीएच न बघता वापरणं हा जुना रोग. एटीपीचं डायसोडियम मीठ पाण्यात चांगलंच आंबट होतं. सोडियम हायड्रॉक्साइडने ७ च्या आसपास आणून लहान नळ्यांत वाटून उणे २० ला ठेवा, पुन्हा पुन्हा वितळवू नका.

फ्लुओरिमीटर नाही, जेल डॉक नाही, अशा ठिकाणी निदान एटीपीएज तरी दाखवता येतं. मॅलॅकाइट ग्रीन आणि अमोनियम मॉलिब्डेट आम्लात, सुटलेला फॉस्फेट हिरवा होतो, ६२० ते ६५० नॅनोमीटरला वाचायचा. एकेरी डीएनए घातला की आकडा किती पटीने वाढतो ते बघायचं, कारण कड्याचं इंजिन एकेरी डीएनए मिळाल्यावरच धावतं. काचसामान डिटर्जंटने धुतलेलं असेल तर त्यातलाच फॉस्फेट सगळं हिरवं करतो, म्हणून प्लास्टिकच्या नव्या नळ्या. आणि आम्लात एटीपी हळूहळू आपणहून फुटतो, तेव्हा प्रत्येक नळी रंग टाकल्यापासून त्याच मिनिटाला वाचा.


पाटचारी | दुपारी २.१०

मध्येच विचारतो. रावेर-यावलला केळीवर हरण्या येतो, नंदुरबारकडे पपईवर रिंगस्पॉट, भेंडीवर केवडा. या विषाणूंत पण हे हेलिकेज असतं का? असेल तर त्यालाच बंद करणारं फवारायचं काही आहे का?


शेवभाजी | २.५५

भाऊ, असतं, पण प्रत्येकात वेगळं.

हरण्या म्हणजे कुकुंबर मोझॅक. तो आरएनए विषाणू आहे, डीएनए त्याच्यात नाहीच. त्याच्या १ए प्रथिनात हेलिकेजचा भाग असतो, तो आरएनएवर काम करतो. पपईचा रिंगस्पॉटही आरएनएवालाच, त्यात सीआय नावाचं प्रथिन हे काम करतं. भेंडीचा केवडा मात्र डीएनएवाला, बेगोमोव्हायरस, पांढऱ्या माशीने पसरणारा. एकेरी गोल डीएनए, साधारण २,७०० न्यूक्लिओटाइडचा. त्याचं रेप प्रथिन आधी टीएएटीएटीटी आणि एसी यांच्या मध्ये एक काप देतं, मग ३'→५' हेलिकेज म्हणून पदर सोलत जातं. पॉलिमरेज झाडाचाच. केळीच्या पर्णगुच्छाचा विषाणूही एकेरी गोल डीएनएचा, सहा वेगळे गोल, प्रत्येक हजार-अकराशेचा, आणि त्यातल्या एकावर रेप.

फवारणीचं सरळ उत्तर: नाही. शेतात मारायचा असतो तो वाहक. केळीवर मावा, भेंडीवर पांढरी माशी. हरण्यासाठी केळीच्या मधे-शेजारी काकडी, भोपळा, कारलं अशी वेलवर्गीय पिकं नकोत, कारण मावा हा विषाणू तिथूनच घेऊन येतो. विषाणू-तपासणी झालेली टिश्यू कल्चरची रोपं घ्या, आणि लक्षण दिसलेलं झाड मुळासकट काढून जाळा किंवा गाडा. कोणी "विषाणूनाशक" म्हणून बाटली विकत असेल तर त्याला एवढंच विचारा, हे विषाणूच्या कुठल्या प्रथिनावर चालतं?


सुईदोरा | ३.२०

लंपीचंही इथेच टाकतो. २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात गुरांवर ती साथ आली होती. तो पॉक्स कुळातला, दुहेरी डीएनए, दीड लाख बेसजोड्यांच्या आसपास. पॉक्सवाले पेशीच्या केंद्रकात जातच नाहीत, बाहेरच आपला कारखाना मांडतात. केंद्रकातली यंत्रं वापरायला मिळत नाहीत, म्हणून सगळा संसार बरोबर. व्हॅक्सिनिया हा या कुळातला सर्वांत अभ्यासलेला, त्याचं डी५ हे ७८५ अमिनो आम्लांचं प्रथिन. पुढे प्रायमेज, मागे हेलिकेज, सहांचं कडं. टी७ शी नातं नसताना मांडणी तीच.

उलट एसव्ही४० आणि पॅपिलोमा केंद्रकात जातात, पॉलिमरेज, प्रायमेज, टोपो सगळं पेशीचं वापरतात, पण हेलिकेज मात्र स्वतःचं नेतात. पॅपिलोमाचं तर ई१ हे एकमेव विकर. का? पेशीचं एमसीएम एका पेशीचक्रात एका ठिकाणी एकदाच चालू होऊ देतात, कडक परवाना आहे. विषाणूला एकाच पेशीत शेकडो प्रती हव्यात. म्हणून बाकी सगळं उसनं, चावी फक्त आपली.


निंबोळी | ४.०५

चावी बरोबर. पण ती कुलपात कशी घालतात ते कोणी लिहिलं नाही. कडं बंद आणि गोल डीएनएला टोक नाही, मग मणी ओवायचा कुठून?

टी७ च्या जीपी४ ला वेगळा चढवणारा लागत नाही. टी४ फाजला लागतो: हेलिकेज जीपी४१, चढवणारं जीपी५९, आणि एकेरी पदर झाकणारं जीपी३२. पॅपिलोमात ई२ प्रथिन ई१ ला ओरिजिनवर (प्रत बनायला सुरुवात होते त्या जागी) आणून बसवतं, आणि ई१ चे रेणू डीएनएभोवतीच एकेक करून जमतात. आधी कडं करून मग ओवायचं असं नाही, पदराभोवतीच बांगडी घडवायची. ओरिजिन वितळतं आणि शेवटी दोन हेक्सामर तयार होतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. एसव्ही४० चा टी अँटिजेनही तसाच, ६४ बेसजोड्यांच्या मूळ ओरिजिनमध्ये जीएजीजीसी हा क्रम चार वेळा येतो, त्यावर तो जमतो.


अहिराणी_गडी | ५.३०

मना काकाले नागीण व्हयनी. डॉक्टरनी अॅसायक्लोव्हिर दिधं. ते हेलिकेजवरच काम करस का?


हेक्सामर | ५.५२

नाही. अॅसायक्लोव्हिर पॉलिमरेजवर. विषाणूचाच थायमिडीन कायनेज त्याला पहिला फॉस्फेट लावतो, मग ते पदरात बसून साखळी तिथेच थांबवतं. कायनेज बिघडलेला विषाणू म्हणून त्याला दाद देत नाही.

हेलिकेजवरची औषधं वेगळी. हर्पिस कुळात यूएल५ हेलिकेज, यूएल५२ प्रायमेज आणि यूएल८ मदतनीस असं त्रिकूट असतं. यूएल५ कडं करत नाही, ५'→३' जातं. या जोडगोळीला अडकवणारं अमेनामेव्हिर जपानमध्ये २०१७ पासून नागिणीसाठी मंजूर आहे. त्याला कायनेज लागत नाही. काकांना सांगा, डॉक्टरांनी दिलेलं ठरल्या वेळी आणि पूर्ण दिवस घ्या. नागिणीत पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू होणं महत्त्वाचं असतं.


शेवभाजी | ६.१५

एक अपवाद नोंदवतो, नाहीतर "प्रत्येक डीएनए विषाणूला हेलिकेज असतंच" असं कोणीतरी लिहील. फाय२९ फाजला नाही, त्याचा पॉलिमरेजच पुढचा पदर ढकलत जातो. अॅडिनोव्हायरसलाही नाही. त्याचं डीएनए-बंधक प्रथिन एकेरी पदरावर एकाला एक चिकटत जाऊन रांग लावतं आणि रांगेच्या रेट्यानेच पुढचं उघडतं, एटीपी न जाळता.


निंबोळी | रात्री ८.४०

हेक्सामरभाऊ, कृतीत एक चूक आहे. मॅग्नेशियम ४ मिलिमोलर लिहिलंय. त्यातलं १ ईडीटीए खाणार, २ डीटीटीपी धरून ठेवणार. मोकळं उरतं १, आणि कडं रखडतं. ४ मोकळं हवं असेल तर एकूण ७ घालायला हवं. आणि डीटीटीपी वाढवून ४ केलं तर एकूण ९.


हेक्सामर | ९.०३

बरोबर, मोकळं ४ म्हणायचं होतं. वरच्या प्रतिसादाला आता संपादन होत नाही म्हणून इथे लिहितो: एकूण ७ मिलिमोलर. १ मोलरचा साठा असेल तर २० मायक्रोलिटरच्या नळीत ०.१४ येतं, ते पिपेटला झेपत नाही. म्हणून ७० मिलिमोलरचं पातळ करून २ मायक्रोलिटर घाला, सापळे त्यातच मिसळून. बाकीचं मिश्रण १८ चं करा, त्यातले बफर, फोर्क, डीटीटीपी हे २० च्या हिशेबाने मोजलेले हवेत. जुना कागद कोणी छापून घेतला असेल तर ४ खोडून ७ करा.